एमएमए नेमकं कुठलं, आणि नागपुरात सुरुवात कशापासून करायची?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर येऊन वाचणाऱ्याला अडणार नाही. पोट्टा २२ वर्षांचा, नागपूरचाच, वजन ६८ किलो, शाळेतली कबड्डी सोडली तर काही खेळलेला नाही, आठवड्यातून चार दिवस दीड-दीड तास देऊ शकतो. एका क्लासचे सर त्याला म्हणाले एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशी लढत) मूळ ब्राझीलचं, जिउ-जित्सू (जमिनीवर पकडी लावून शरण आणायची विद्या) आलं की सगळं आलं. दुसऱ्या क्लासात सांगितलं थायलंडशिवाय काही खरं नाही, आधी मुय थाय कर, म्हणजे तिकडची ठोसे, लाथा, कोपर, गुडघ्यांची लढत. आणि घरी आजोबा म्हणतात, अरे हे सगळं आपल्याच कुस्तीतून गेलंय, महाल भागातल्या आखाड्यात जा आणि पैसे वाचव. तर खरं मूळ कुठलं आणि सुरुवात कुठून करायची?

तर भाऊ, तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत आणि तिघंही तुला आपापलं दुकान दाखवून राहिले, आजोबासुद्धा, फक्त त्यांच्या दुकानात फी नाही. पण तू दोन वेगळे प्रश्न एकात घातले. एमएमए कुठून आलं हा एक, आणि तू सोमवारपासून कुठं जायचं हा दुसरा. तुला वाटून राहिलं की पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळंल. नाही मिळत. तरी मी पहिल्यावर बराच वेळ घेणार आहे, काहून की ही विद्या देशोदेशी कशी फिरली ते नीट बघितलं तर क्लास कसा पारखायचा ते त्यातूनच कळतं.

माझ्याबद्दल एवढंच की १५ व्या वर्षी इतवारीतल्या एका आखाड्यात गेलो, कॉलेजात ज्यूदो केलं, मग वय वाढल्यावर जिउ-जित्सू, आणि आता चौदा वर्षं झाली पोट्ट्यांना शिकवून राहिलो. मोठा चॅम्पियन वगैरे नाही. हरलोय भरपूर, आणि खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं हरूनच शिकलोय.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. तुला फक्त फिट राहायचंय का पिंजऱ्यात, म्हणजे जाळीच्या रिंगणात खरं लढायला, उतरायचंय, गुडघा किंवा खांदा आधी दुखावलाय का, घरापासून पाचेक किलोमीटरात कोण शिकवतं, यावर उत्तर बदलतं. हिंगणा रोडवर राहणाऱ्यानं कामठीकडचा क्लास लावला तर तो क्लास कितीही भारी असू दे, दोन महिन्यांत सुटणार. मी तुझं वय, वजन आणि चार दिवस एवढंच धरून बोलतोय.

आता ब्राझीलवाल्या सरांचं. यूएफसी म्हणजे एमएमएच्या लढती भरवणारी सगळ्यात मोठी संस्था, तिची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला झाली. आठ जण, वजनगट नाही, आणि त्यात पांढरा गी (ज्यूदोसारखा जाड कोट-पायजमा) घातलेला सडपातळ रॉइस ग्रेसी एका रात्रीत तिघांना टॅप करायला, म्हणजे हातानं थोपटून हार मानायला, लावून जिंकला. ते बघून लोकांना वाटलं ब्राझीलनं काहीतरी नवीनच काढलं. पण ग्रेसी घराण्याकडं ते आलं एका जपान्याकडून, मित्सुयो माएदा. हा ज्यूदो उभं करणाऱ्या जिगोरो कानोच्या कोदोकान या शाळेतला ज्यूदोवाला. १९०४ ला जपान सोडलं, अमेरिका, इंग्लंड, स्पेन, क्युबा, मेक्सिको असं फिरत, पोटासाठी समोर येईल त्याच्याशी लढत, लंडनमध्ये तर तिथल्या कॅच नावाच्या कुस्तीच्या स्पर्धेतही उतरला, आणि असं करत करत १९१४ ला ब्राझीलला पोचला. पुढं बेलेम शहरात राहिला, तिथं कार्लोस ग्रेसी त्याच्याकडं शिकला आणि १९२५ ला कार्लोसनं रिओत अकादमी काढली. त्या काळी जपानाबाहेर ज्यूदोलाही जिउ-जित्सूच म्हणायचे, म्हणून ब्राझीलमध्ये तेच नाव चिकटलं. आता तूच सांग, हे ब्राझीलचं का जपानचं? आणि माएदा दहा वर्षं जगभरच्या पैलवानांशी आणि बॉक्सरांशी भिडून तिथं पोचला होता, म्हणजे तो जे शिकवत होता ते तरी शुद्ध जपानी कुठं राहिलं होतं.

पण मला यातला महत्त्वाचा माणूस वाटतो तो कानो. १८८२ ला त्यानं कोदोकान काढलं. तो मोठा झाला ते नवीन डाव शोधले म्हणून नाही, डाव बहुतेक जपानच्या जुन्या जुजुत्सू या विद्येतलेच. त्यानं केलं काय, तर जे डाव मित्रावर पूर्ण ताकदीनं करता येत नाहीत ते रोजच्या सरावातून काढून टाकले. उरले ते समोरचा जीव तोडून विरोध करत असताना रोज करायचे, याला रांदोरी म्हणतात. आता यात गंमत अशी की ऐकायला उलटं वाटतं, धोक्याचे डाव काढले म्हणजे विद्या कमजोर झाली असं वाटतं. पण डोळ्यात बोट घालायचा डाव तू सरावात कधीच खराखुरा करू शकत नाही, म्हणून तो तुला कधी येतच नाही, नुसता माहीत असतो. पाय अडकवून पाडायचा डाव तू वर्षभरात हजारदा विरोध करणाऱ्या माणसावर करतो, म्हणून तो अंगात बसतो. आपल्याकडं अजूनही काही क्लास आहेत जिथं सर म्हणतात आमचे डाव इतके घातक आहेत की स्पारिंग, म्हणजे सरावातली लढत, करताच येत नाही. असल्या ठिकाणाहून चप्पल घालून निघायचं.

आता आजोबांकडं येऊ. आपल्या आखाड्यात हे पहिल्यापासून होतं. मातीच्या हौद्यात उतरलं की वस्ताद जोड लावून देतो आणि समोरचा काही तुला सोडून देत नाही, तिथं खोटं चालतच नाही. म्हणून गामा पैलवान १९१० ला लंडनला गेला तेव्हा तो कुठल्याही युरोपियनापेक्षा कमी नव्हता. शेफर्ड्स बुशच्या मैदानात पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिश्कोशी कुस्ती लागली, हा झ्बिश्को म्हणजे नुसता डोंगर, पण गामाचं अंग बघून तो पोटावर पडला आणि अडीच तासांच्या वर चाललेल्या कुस्तीत बराचसा वेळ तसाच पडून राहिला. निकाल लागला नाही. आठवड्यानं परत कुस्ती ठरली तर हा आलाच नाही. पुढं १९२८ ला पटियाळ्यात दोघं परत भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं.

ही गोष्ट मी पोट्ट्यांना दरवर्षी सांगतो, पण अभिमानासाठी नाही, त्या पोटावर पडण्यासाठी. झ्बिश्को पोटावर का पडला? कारण कुस्तीत पाठ टेकली की हरला. नियमच तसा. मग पैलवानाचं अंग काय शिकतं, तर काहीही झालं तरी पाठ वर ठेवायची. आता हाच माणूस एमएमएत आण. खाली गेला की तो सवयीनं पालथा होतो, समोरचा पाठीवर चढतो, हनुवटीखालून हात घालतो आणि मागून चोक, म्हणजे गळा आवळतो. दहा वर्षं मातीत घालवून जी सवय कमावली तीच गळ्याशी येते. उलट जिउ-जित्सूवाल्याला पाठीवर पडायची लाजच नाही, तो खाली पडून पायांनी लढतो. ती बी एक सवयच, आणि तिचंही बिल येतं, कारण एमएमएत वरचा माणूस नुसता बसत नाही, तोंडावर ठोसे मारतो.

माझ्यावर हे कसं आलं ते सांगतो. मी तेव्हा ८४ किलोचा, आखाडा आणि ज्यूदो दोन्ही केलेला, आणि डोक्यात हवा. मुंबईला एका जिउ-जित्सूच्या शिबिराला गेलो. समोर आला साठ-बासष्ट किलोचा पोट्टा, चष्मा काढून बाजूला ठेवला त्यानं. हात मिळवले, मी लगेच खाली घुसून दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडलं, असा मस्त पट की इतवारीत शिट्ट्या वाजल्या असत्या, तो धाडकन पाठीवर, आणि मनात म्हटलं झालं. तेवढ्यात कळलं की माझं डोकं त्याच्या काखेत आहे आणि मला श्वास येऊन नाही राहिला. गिलोटिन, म्हणजे समोरून गळा आवळायची पकड. टॅप. परत उभे, परत पट, परत तेच. सहा मिनिटांत चारदा. कुस्तीत पट काढताना मान खाली राहिली तरी कोणी गळा दाबत नाही, म्हणून माझी मान वर्षानुवर्षं तिथंच राहत आली. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय म्हणजे आपल्या महाराष्ट्राचाच भरत खंदारे, तो पण कुस्तीतून आलेला, २०१७ ला शांघायला त्याची पहिली लढत गिलोटिनवरच संपली. तेव्हा मला तरी आश्चर्य वाटलं नाही, वाईट वाटलं.

आजोबांच्या बाजूनं अजून एक आहे, आणि हे मला सगळ्यात आवडतं. बेल्जियमचा एक पैलवान होता, कार्ल गॉच, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला उतरलेला. नंतर तो इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विगनला बिली रायलीच्या तालमीत गेला, कोळसा खाणींचा भाग, तिथं कॅच कुस्ती चालायची ज्यात चीत करूनही जिंकायचं आणि हातपाय पिळून शरण आणूनही जिंकायचं. हा गॉच पुढं जपानला गेला आणि तिथल्या पैलवानांना शिकवू लागला. आणि त्यांच्याकडून मेहनत कसली करून घ्यायचा, तर आपले दंड, आपल्या बैठका आणि मुद्गल! आजही जगभरच्या जिममध्ये त्यांना हिंदू पुशअप आणि हिंदू स्क्वॉट म्हणतात, आणि आपले पोट्टे यूट्यूबवर ते इंग्रजीत बघून माझ्याकडं येऊन सांगतात की सर एक नवीन एक्सरसाइज सापडली. काय बोलावं बे.

त्याच गॉचकडं शिकलेला अँतोनियो इनोकी, जो १९७६ च्या जूनमध्ये तोक्योला मुहम्मद अलीशी लढला आणि ती लढत बरोबरीत सुटली. त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला गेला, समोर अक्रम पैलवान, गामाच्या भावाचा मुलगा. इनोकीनं त्याचा हात मागं असा पिळला की कुस्ती तिथंच संपली. आता नीट बघ काय झालं. गामाच्या घरातला पैलवान हरला, ज्या जपान्याकडून हरला तो आपल्याच बैठका मारून तयार झालेला, आणि ज्या पकडीनं हरला ती विगनवाल्यांची ठेवणीतली. तीच पकड जपानमध्ये ज्यूदोतही होती, १९५१ ला मासाहिको किमुरानं रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये एलिओ ग्रेसीला त्याच पकडीत धरलं, आणि ग्रेसी लोकांनी मनाचा मोठेपणा दाखवून पकडीला हरवणाऱ्याचंच नाव दिलं, किमुरा. म्हणजे एकच पकड इंग्लंडच्या खाणीतल्या लोकांना आणि जपानच्या ज्यूदोवाल्यांना वेगवेगळी सापडली, कारण खांद्याचा सांधा सगळ्यांचा सारखाच आहे. तर मूळ कुठलं म्हणतोस?

गॉचच्याच शिकवणीतून पुढं फुनाकी आणि सुझुकी या जपानी पैलवानांनी सप्टेंबर १९९३ ला जपानमध्ये पँक्रेस नावाच्या लढती सुरू केल्या, यूएफसीच्या दोन महिने आधी. नाव ग्रीकांच्या पँक्रेशन या जुन्या लढतीच्या खेळावरून, जे इसवीसनापूर्वी ६४८ पासून ऑलिम्पिकमध्ये होतं. म्हणजे ब्राझील एकटाच नव्हता, दोन नद्या वेगळ्या वाटेनं वाहत होत्या आणि केन शॅमरॉक नावाचा अमेरिकन पँक्रेसमध्ये जिंकून थेट डेन्व्हरला आला आणि रॉइसकडून हरला, तिथं त्या एकमेकींत मिसळल्या.

रशियाचं थोडक्यात, पण सांगायलाच पाहिजे. सांबो ही तिकडची कुस्ती ज्यांनी उभी केली त्यातला एक वासिली ओश्चेपकोव्ह, कोदोकानमध्ये ज्यूदो शिकलेला. १९३७ ला त्याला जपानचा हेर म्हणून पकडलं आणि तो कोठडीतच मेला. पुढच्याच वर्षी सरकारनं सांबोला खेळ म्हणून मान्यता दिली, पण ज्यूदोचा उल्लेख पुसून, हे सगळं सोव्हिएत प्रजेच्या लोककुस्त्यांमधून आलंय असं सांगितलं गेलं. म्हणून कोणीही छाती ठोकून म्हणालं ना की हे मूळ आमचंच, तर मी आधी बघतो की तो कोणाचं नाव पुसून राहिला.

आता मुय थाय. थायलंडची विद्या जुनी आहे, पण आज तू जे बघतो, चौकोनी रिंग, ग्लोव्ह्ज, राउंड, ते गेल्या शतकात पाश्चात्त्य बॉक्सिंगकडून घेतलेलं. आणि एमएमएत ज्याला डच स्टाइल म्हणतात ती तर बघण्यासारखी आहे. १९६४ ला जपानचे तीन कराटेवाले बँकॉकला थाई लोकांशी लढायला गेले. दोघं जिंकले, तिसरा केंजी कुरोसाकी कोपराचा फटका खाऊन हरला. हा हरलेला माणूस परत गेला, थाई लोकांचं काय भारी आहे ते अभ्यासलं आणि तोक्योत मेजिरो जिम काढली. त्याच्याकडं यान प्लास नावाचा डच शिकला आणि त्यानं १९७८ ला अॅम्स्टरडॅमला त्याच नावाची जिम काढली. तिथं बॉक्सिंगचे दोन-तीन ठोसे आणि शेवटी मांडीवर लो किक, हा सगळा धडाका तयार झाला. जिंकलेल्या दोघांपेक्षा हरलेल्याचं नाव जास्त पुढं गेलं.

पण मुय थायची पण सवय आहेच. थाई लढवय्या सरळ, ताठ उभा राहतो, पुढचा पाय हलका, म्हणजे किक आली की उचलता येतो. समोर पैलवान असला तर तोच हलका पाय म्हणजे एकेरी पट काढायचं आमंत्रण. बॉक्सर ठोसा चुकवायला डोकं खाली नेतो, खाली गुडघा वाट बघत असतो. ज्यूदोवाल्यांचं तर २०१० पासून हळूहळू पाय धरणंच नियमानं बंद झालं, त्यामुळं आत्ता शिकलेल्या पोरांना पट अडवायची सवयच उरली नाही. कुठल्याही कलेत कमी-जास्त नाही, तिच्या नियमांनी अंगाला काय शिकवलं आणि काय विसरायला लावलं एवढंच बघायचं असतं.

इथपर्यंतचं एका दमात: कुठल्या एका देशाचं हे नाही, माणसं फिरली, अनोळखी नियमात जाऊन हरली, आणि परत येऊन सराव बदलला. प्रत्येक कलेची एक चांगली सवय आणि एक महागात पडणारी सवय. आणि टिकलं ते तेच, जे विरोध करणाऱ्या माणसावर रोज करून बघता येत होतं.

मग तुला वाटंल की सगळंच थोडं थोडं शिकतो. ही चूक मी स्वतः करून बसलोय. सुरुवातीची दोन वर्षं माझा क्लास म्हणजे नुसती खिचडी होती, सोमवारी बॉक्सिंग, मंगळवारी ज्यूदो, बुधवारी जिउ-जित्सू, शुक्रवारी किक्स. पोट्टे खुश, पालक खुश, फोटो मस्त यायचे. मग त्यातला एक पोट्टा लढायला उतरला. उभ्यानं चांगला होता, जमिनीवर पण बरा होता, पण समोरचा ठोसे मारता मारता मध्येच पटात घुसला आणि याला काय करू तेच सुचेना, कारण त्यानं ठोसे सोमवारी शिकले होते आणि पट मंगळवारी. दोन्हीच्या मधला तो अर्धा सेकंद आम्ही कधी शिकवलाच नव्हता. दुसऱ्या राउंडला रेफ्रीनं थांबवलं. परत येताना रेल्वेत तो काहीच बोलला नाही, मी पण नाही. एमएमएची सगळी कला त्या सांध्यांत आहे, ठोशातून पटात, पटातून जमिनीवर, जमिनीवरून परत उभं. ते सांधे वेगळे शिकवावे लागतात, पण त्यासाठी आधी एक तरी गोष्ट अंगात पक्की पाहिजे, नाहीतर जोडणार काय.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत असं. पहिले सहा-आठ महिने पकडापकडीची एक विद्या धर आणि तिला चारपैकी तीन दिवस दे. जवळ जिवंत आखाडा असंल, जिथं रोज लढती होतात आणि वस्ताद नवख्याकडं लक्ष देतो, तर आजोबांचं ऐक, तीन-चार महिने मातीत जा. पट, बगलडूब (समोरच्याच्या काखेखालून मागं जायचा डाव), मागून कब्जा, अंगाचा तोल, दम, हे तिथं जितकं स्वस्तात आणि पक्कं मिळंल तितकं चकचकीत मॅटवर मिळणार नाही. आणि तुझी कबड्डी वाया गेली असं समजू नको. कॉर्नरवर उभं राहून रेडरचा पाय धरणं, कमरेत घुसणं, हे पटाच्याच नात्यातलं आहे. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिकडं जाऊन कबड्डी दाखवली होती, आपण विदर्भवाले तेव्हापासून या बाबतीत मागं नाही, असो. आखाड्यानंतर जिउ-जित्सूकडं जा, आणि तिथं पहिल्याच दिवशी सांग की मी कुस्तीतून आलोय, मला पालथं व्हायची सवय मोडायची आहे. आखाडा जवळ नसंल किंवा तिथं आता फक्त वजनं उचलतात असं असंल, तर सरळ जिउ-जित्सू किंवा ज्यूदोपासून सुरू कर, काही बिघडत नाही. चौथा दिवस पहिल्यापासून बॉक्सिंगचा ठेव. नुसतं पाय कसे ठेवायचे, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि हात वर, एवढंच. मुय थाय सहा महिन्यांनी. त्या सरांना वाईट वाटंल, पण ६८ किलोच्या नवख्याला आधी पडायला आणि पाडायला आलं पाहिजे, किक मारताना पाय धरला गेला तर पुढं काय ते माहीत असलेला माणूस किक जास्त बिनधास्त मारतो. मुलगी विचारत असती तर जवळच्या वुशू या चिनी युद्धकलेच्या केंद्राकडं पण बोट दाखवलं असतं, २०२४ ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय बाई पूजा तोमर, ती वुशूमधूनच आलेली आहे.

क्लास बघायला जा तेव्हा फीचं नंतर विचार, आधी कोपऱ्यात बसून एक पूर्ण तास बघ. खरीखुरी लढत किती मिनिटं होते ते घड्याळात बघ. वीस-पंचवीस मिनिटं तरी पाहिजे. नवीन आलेल्याला जुना पोट्टा कसा वागवतो ते बघ, चोक लागल्यावर टॅप केलं की लगेच सोडतो का. सर स्वतः कधी मॅटवर येतात का, आणि आले तर कधी कोणाकडून टॅप करतात का. माझ्या मते ही सगळ्यात खरी खूण आहे, जो सर विद्यार्थ्यांसमोर कधीच हरत नाही तो बहुतेक कधीच खेळत नाही. आणि रोज डोक्यावर जोरात स्पारिंग चालत असंल, पोरं रोज डोकं दुखतंय म्हणत घरी जात असतील, तर तिथं पण जाऊ नको, त्यात मर्दानगी काही नाही.

आणि नागपूर म्हणून दोन गोष्टी. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा एप्रिल-मे-जूनला सकाळची साडेपाचची बॅच धर, संध्याकाळी सातला पण पत्र्याच्या हॉलमध्ये भट्टी असते. त्या महिन्यांत वजन कमी करायला रेनकोट घालून पळणं, पाणी तोडणं, असले उद्योग कोणी कितीही सांगितले तरी करायचे नाही, उन्हाळ्यात असं करताना माझ्यासमोर एक धडधाकट पोट्टा कोसळलाय आणि सलाइनवर गेलाय. दुसरं पावसाळ्यात. मॅट ओलसर राहते आणि गजकर्ण एकाला झालं की पंधरा दिवसांत अर्ध्या बॅचला. घरी आल्या आल्या साबणानं आंघोळ, कपडे रोज धुवायचे, नखं कापलेली. डाग दिसला तर लपवायचा नाही, सरांना सांगून आठवडाभर बाहेर बसायचं आणि त्वचेच्या डॉक्टरकडं जायचं, मेडिकलवाल्याकडून कुठलीही ट्यूब आणून चोळायची नाही. कान सुजला तर पण तेच, दुसऱ्याच दिवशी दाखव, मी नाही दाखवला, डावा कान आता कोबीसारखा आहे आणि मोबाइलचा इअरफोन त्यात बसत नाही.

तू कोणत्या भागात राहतो आणि सकाळी जमतं का संध्याकाळी तेवढं खाली लिही, आणि खांदा-गुडघ्याचं आधीचं काही असंल तर ते पण लिही. मग कोणत्या बाजूला आधी चक्कर मारायची ते नक्की सांगता येईल. आजोबा कधी स्वतः मातीत उतरले होते का ते पण विचारून ठेव, उतरले असतील तर पहिल्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा, वस्ताद मग जरा जास्तच लक्ष देतो.